पायी नर्मदा परिक्रमा: पाय तयार होतात, मनाची तयारी कशी करायची?

परिक्रमेला पायी निघणारं कुणी भेटलं की पहिला प्रश्न बुटांचा असतो. कुठले घ्यायचे, एक नंबर मोठे घ्यायचे का, सँडल चालतील का. विचारायलाच हवं, आणि त्याचं उत्तर पुढे देणार आहेच. पण आम्ही चाललो त्या वर्षी वाटेतून घरी परतणारे जे जे भेटले, त्यांच्यात पाय गेलेले फार थोडे होते. एकाला मुलीची आठवण सहन होईना. दोघा मित्रांचं चहा घ्यायला थांबण्यावरून बिनसलं होतं. एक निवृत्त गृहस्थ रोज रात्री वहीत उरलेले किलोमीटर मांडायचे, आणि एका सकाळी ते उठलेच नाहीत, अंथरुणात बसून म्हणाले, "अजून २,१०० आहेत हो." प्रकृती ठणठणीत होती त्यांची.

मी आणि माझी मोठी जाऊ, आम्ही दोघी नाशिकच्या. मी तेव्हा ५६ वर्षांची होते, वहिनी ६३ च्या. कार्तिकात ओंकारेश्वरला संकल्प सोडला आणि वैशाखात तिथेच जल चढवलं. त्या साडेपाच महिन्यांतून एक गोष्ट मला पक्की कळली: लांबच्या वाटेवर माणूस थकव्यानं मोडत नाही, हिशेबानं मोडतो. किती झालं, किती उरलं, कोण पुढे गेलं, मला काय मिळालं, घरी काय चुकलं. हा हिशेब थांबवायला शिकता येतं, पण त्याची सुरुवात घरूनच करावी लागते. म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

आधी वाटेचा अंदाज

अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते. परिक्रमेत ती सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र ओलांडायचं नाही. उपनद्या ओलांडायला हरकत नसते. दोन्ही काठ मिळून कागदावर २,६०० च्या वर होतात, पण धरणांच्या फुगवट्यांना वळसे घालत आपली चाल ३,००० पार करते. शास्त्रोक्त परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची, चातुर्मासात एका जागी मुक्काम करून. आता बहुतेक जण देवउठनी एकादशीनंतर निघतात आणि उन्हाळ्यात पूर्ण करतात. रोजचे २० किलोमीटर आणि मधले विश्रांतीचे दिवस धरले तर पाच ते साडेपाच महिने लागतात.

एवढंच गणित निघण्याआधी करा. त्यानंतर एकूण आकडा पुन्हा काढायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं. तो नियम कुठे मोडला आणि त्याची किंमत कशी मोजली, ते पुढे येईलच.

निघण्याआधीचे तीन महिने

रोज पाच किलोमीटरपासून सुरू करा, दुसऱ्या महिन्यात दहा, तिसऱ्यात पाठीवर वजन घेऊन पंधरा. पण खरी परीक्षा एका दिवसाची नसते. सलग दोन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर चालून बघा. पहिल्या दिवशी कुणीही चालतं. दुसऱ्या सकाळी टाच जमिनीला टेकवताना काय वाटतं, ते महत्त्वाचं.

याच काळात जमिनीवर चटई टाकून झोपा, गार पाण्यानं आंघोळ करा, आणि आठवड्यातून दोन दिवस घरात जे शिजेल ते चव न सुचवता जेवा. तिसरी गोष्ट सर्वात अवघड जाते, विशेषतः ज्यांनी जन्मभर स्वयंपाकघर सांभाळलंय त्यांना. वहिनींना आमटीत मीठ कमी आहे हे न बोलता जेवायला दीड महिना लागला.

मग घरच्यांशी बसून बोला. बँकेची कागदपत्रं, विमा, गॅस, वीजबिल, गोळ्या, सगळं एका वहीत लिहून द्या. परतीची तारीख मात्र देऊ नका. तारीख दिली की घरचे दिवस मोजू लागतात, आणि फोनवर त्यांचा तो हिशेब आपल्या अंगावर येतो.

एक प्रश्न लोक टाळतात: मागे काही वाईट झालं तर? वहिनींच्या आई तेव्हा ८८ च्या. निघण्याआधी वहिनी माहेरी गेल्या आणि भावाला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काहीही झालं तरी मला कळवायचं, लपवायचं नाही. पण 'ये' म्हणायचं नाही. यायचं की नाही ते मी ठरवीन." आईंनीच मान हलवली. हे बोलणं आधी झालं नसतं तर पुढे मंडल्यात आमची काय अवस्था झाली असती, कोण जाणे.

सामानाचं थोडक्यात सांगते. पाठीवर सहा-सात किलोच्या वर नको. कपड्यांचे दोन जोड, शाल, पातळ स्लीपिंग बॅग, चटई, ताट-वाटी-पेला, टॉर्च, औषधं, आधारकार्ड, शिक्के घ्यायचं परिक्रमेचं पत्र, नर्मदाजलाची कुपी, हातात दंड म्हणजे काठी. आमच्या पाठीवर निघताना अकरा-अकरा किलो होतं. मेतकूट, सत्तू, चपलांचा जादा जोड, स्वेटरवर स्वेटर. आठवड्याच्या आत त्यातलं निम्मं एका आश्रमात ठेवून आलो.

पहिले तीन आठवडे: शरीराचे

पहिला आठवडा दिवसाला १२ किलोमीटरच. अंगात जोर असतो, बरोबरचे पुढे जातात, तरी १२ च. स्नायू लवकर सरावतात, पण सांध्यांना आणि तळव्यांना वेळ लागतो. जे पहिल्याच आठवड्यात २५ वर गेले, त्यांतले कितीतरी दुसऱ्या आठवड्यात आश्रमाच्या ओसरीवर पाय वर करून बसलेले दिसले.

आता बूट. दिवसभर चालल्यावर पाय सुजतात, म्हणून एक नंबर मोठे घ्या आणि संध्याकाळच्या वेळी घ्या. निघण्याआधी ते किमान १०० किलोमीटर वापरलेले असावेत. फोड यायच्या आधी तिथे चटका बसल्यासारखं होतं. त्याच क्षणी थांबायचं. पुढच्या गावात बघू, असं म्हणायचं नाही. बूट-मोजे काढा, पाय कोरडा करा, त्या जागी मायक्रोपोर टेप लावा. यात दहा मिनिटं जातात, पण चार दिवस वाचतात. मोज्यांचे तीन जोड ठेवा, दुपारी जोड बदला, धुतलेले मोजे सॅकला बाहेरून टाचणीनं अडकवून वाळवा. नखं आठवड्याला कापा. झोपताना तळव्यांना तेल लावा, सकाळी मात्र पाय पूर्ण कोरडा.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. आडोसा मिळणार नाही म्हणून पाणी कमी प्यायची सवय आपल्याला असते. वाटेवर ती सवय लघवीचा संसर्ग घेऊन येते. मला तिसऱ्याच आठवड्यात झाला. पाणी पीत राहा. आश्रम सोडताना आणि गावात शिरताना तिथल्या माताजींना, म्हणजे बायकांना, सरळ विचारा, त्या सोय करून देतात. पाळीच्या दिवसांबद्दल तरुण मुली विचारतात. काही ठिकाणी नियम कडक आहेत, काही ठिकाणी कुणी विचारत नाही. ज्यांना पाळायचंय त्यांनी तीन दिवस एका जागी विश्रांती घ्यावी, ज्यांना चालायचंय त्यांनी कुपी सोबतिणीकडे द्यावी. यावरून मनात अपराधी वाटून घेऊ नका.

या दिवसांत मन ठीक असतं, कारण सगळं नवं असतं. चौथ्या दिवशी आम्ही रावेरखेडीला पोचलो. काठावर बाजीराव पेशव्यांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० ला मोहिमेवर असतानाच ज्वरानं ते इथे गेले. मार्गशीर्ष लागत होता, वारं गार होतं, आणि एप्रिलमधलं निमाड, म्हणजे हा भाग, काय असतं याची कल्पना आम्हाला नव्हती. ती पुढे आली.

दिवसाला साचा द्या

सगळ्यात उपयोगी पडली ती ही गोष्ट, म्हणून नीट सांगते. घरी दिवसभरात आपण शंभर लहान निर्णय घेतो. वाटेवर ते निर्णय थकलेल्या डोक्यानं घ्यावे लागतात, आणि तिथेच चिडचिड सुरू होते. म्हणून जेवढं ठरवून ठेवता येईल तेवढं ठरवून टाका.

आमचा दिवस असा होता. साडेचारला उठणं, स्नान, कुपीची पूजा. झुंजुमुंजू झालं की चालणं, अंधारात नाही. नऊच्या सुमारास बालभोग, म्हणजे न्याहारी, मिळाला तर ठीक, नाही तर जवळचा गूळ-शेंगदाणा. साडेअकराला सावली शोधून दोनपर्यंत थांबायचं, पाय उघडे ठेवायचे. दोन ते पाच पुन्हा चालणं. सूर्य मावळायच्या आत आसन लावायचंच, म्हणजे मुक्कामाला टेकायचंच. आश्रमात विचारतात, "कितनी मूर्ति?", म्हणजे किती माणसं. आपण म्हणायचं, "दो मूर्ति, नर्मदे हर." मग आरती, भोजन प्रसादी, आठला झोप.

या साच्यात आम्ही दोन जागा मुद्दाम ठेवल्या. बालभोगानंतरचा एक तास मौन. आणि संध्याकाळी सातला घरी एकच फोन, पाच मिनिटांचा. फोन दिवसभर चालू ठेवला की शरीर काठावर आणि मन नाशिकच्या स्वयंपाकघरात, असं होतं. पहिल्या पंधरवड्यात माझं तेच झालं होतं. नातवाला ताप आहे हे सकाळी दहाला कळलं, आणि त्या दिवशी मी कुठून कुठे चालले ते मला आजही आठवत नाही.

वहीत किलोमीटर लिहू नका. वहिनींनी निवृत्त गृहस्थांची गत बघून त्याच दिवशी आमची वही बदलली. त्यानंतर रोज एकच ओळ: आज कुणी काय दिलं. "पारावर बसलेल्या आजोबांनी पेरू दिला." "शाळकरी मुलीनं हातपंप मारून दिला." पाच महिन्यांनी त्या वहीत अंतर कुठेच नव्हतं, पण प्रत्येक दिवस सापडत होता.

शूलपाणीची झाडी: घ्यायला शिकणं

बडवानी सोडली की डोंगर सुरू होतात. जुन्या परिक्रमावासींच्या आठवणींत ही झाडी म्हणजे भिल्लांनी (परिक्रमेत त्यांना मामा म्हणतात) लुटण्याची जागा, अंगावरचं वस्त्रसुद्धा राहायचं नाही. आता तसं नाही. काठावरची जुनी वाट सरदार सरोवराच्या पाण्यात गेली, आणि परिक्रमा डोंगरांवरून, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या बाजूनं जाते. १३८.६८ मीटर उंचीचं ते धरण ज्यांच्या शेतांवर चढलं, त्यांच्याच पाड्यांवर आपल्याला भाकरी मिळते. चालताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

एका दुपारी आम्ही एका झोपडीपुढे बसलो. आतली म्हातारी बाहेर आली. तिला मराठी येत नव्हतं, आम्हाला तिची बोली. तिनं चुलीवर मक्याची भाकरी थापली, उडदाची डाळ वाढली. घरात ताट एकच होतं. काठाला पोचा आलेलं, जर्मनचं. आधी वहिनी जेवल्या, मग तिनं ते राखेनं घासलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी पर्समधून शंभराची नोट काढली. तिनं नोटेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान फिरवून चुलीतलं लाकूड आत सारलं. मला फार वाईट वाटलं. ती देत होती आणि मी व्यवहार संपवून मोकळी होऊ बघत होते.

हा त्रास आपल्यासारख्या पगारदार घरांतल्या माणसांना जास्त होतो. जन्मभर कुणाचं काही घेतलं नाही याचा अभिमान असतो, आणि परिक्रमेत रोज घ्यावं लागतं. काहींचं उलटं होतं. महिन्याभरात त्यांना वाटू लागतं की हे आपलं येणंच आहे. मग चहा गोड नाही, डाळ पातळ आहे. दोन्हींवर आम्हाला एकच उपाय सापडला: हातानं काम करणं. आसन लावलं की झाडू मागा, भांडी घासा, पाणी भरा, भाजी निवडा. सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा मिळाला तर लागेल तेवढाच घ्या आणि स्वतः टिक्कड, म्हणजे जाड रोट्या, भाजा. अन्नक्षेत्र चालवणाऱ्या संस्थेला काही द्यायचं तर परतल्यावर द्या. आणि वाटेतल्या मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटत जाऊ नका. आपण पुढे निघून जातो, पण हात पुढे करायची सवय त्या मुलांना लागते. मला वाटेत सगळ्यात जास्त राग याचा यायचा.

डांबरी रस्ता आणि समुद्राची वाट

जंगल अवघड जाईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात डांबरी रस्ता अवघड गेला. गुजरातेत अंकलेश्वर, हांसोट ओलांडताना ट्रकची वर्दळ, धूळ, सरळसोट वाट, दोन तास चाललं तरी समोरचं दृश्य तेच. अशा ठिकाणी मी नामस्मरण मोठ्यानं करायचे, श्वासाच्या लयीत. ज्यांची श्रद्धा वेगळी आहे त्यांनी पाढे म्हणावेत, ओव्या, कविता, काहीही. जिभेला काम असलं की मन भरकटत नाही. ट्रक समोरून दिसतील अशा बाजूनं चाला आणि अंगावर पांढरं असू द्या.

विमलेश्वरच्या बाजूला दक्षिणतट संपतो. तिथून होडीनं रेवासागर संगमातून उत्तरतटावर मिठीतलाईला जायचं. होडी भरतीच्या वेळेवर सुटते, नावं यादीत लागतात, आम्हाला दोन दिवस थांबावं लागलं. महिनाभर चालत असलेल्या शरीराला थांबणं सहन होत नाही. पाय वळवळतात, लोक यादीवरून भांडतात. हे होणार हे आधीच माहीत असू द्या. ते दोन दिवस कपडे शिवण्यात, झोपेत आणि पत्र लिहिण्यात घालवा. मिठीतलाई सोडली की दहेजचे कारखाने लागतात. तो पट्टा सकाळी लवकर निघून उरका.

सोबत

दोघांनी निघणं चांगलं, चौघांपेक्षा जास्त नको. पण सोबत कितीही जवळची असली तरी ती घासते, आणि घासते ती क्षुल्लक गोष्टींवरून. माझी औषधं प्लॅस्टिकच्या पिशवीत असायची. पहाटे साडेचारला मी ती उघडायचे, आणि चर्रचर्र आवाजानं वहिनींची शेवटची दहा मिनिटांची झोप जायची. तीन आठवडे त्या काही बोलल्या नाहीत. मग गरुडेश्वरला, टेंबेस्वामींच्या समाधीस्थानी, सगळं शांत असताना एकदम म्हणाल्या, "अगं, त्या पिशवीचं काहीतरी कर. मला तुझा राग येतोय आणि मला तो यायला नकोय."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही आधी का नाही बोललात?"

"परिक्रमेत कसलं पिशवीवरून बोलायचं, असं वाटलं."

संध्याकाळी बाजारातून कापडी बटवा घेतला. त्या रात्री आम्ही नियम केला: बोचलेली गोष्ट तीन दिवसांच्या आत सांगायची, सकाळी नाही, जेवण झाल्यावर. दुसरा नियम चालीचा. त्यांची चाल हळू, माझी भरभर. एकमेकींच्या चालीनं चाललं की दोघींचे गुडघे दुखतात. म्हणून आपापल्या चालीनं चालायचं आणि पुढच्या गावातल्या मारुतीपाशी थांबायचं. जंगलात मात्र एकत्रच. पुढच्यानं मागच्याला "उशीर झाला" म्हणायचं नाही, हा तिसरा नियम, आणि तो पाळायला मला सगळ्यात जड गेला.

तिसरा महिना

आता खरा कठीण भाग. साधारण ७०-८० दिवसांनी नवेपण संपतं. शरीर तयार असतं, रोज २२-२५ किलोमीटर सहज होतात, आणि नेमकं तेव्हा मन म्हणतं, कशासाठी? आमचं हे ओंकारेश्वरच्या समोरच्या काठावरून पुढे नेमावरकडे जाताना झालं. इंदिरा सागर धरणाचा फुगवटा दूरवर पसरलाय, वाट जंगलातून आत जाते, आणि नर्मदा मैय्याचं दर्शन दिवसेंदिवस होत नाही. जिच्यासाठी निघालो तीच दिसत नाही. रिकाम्या पळसाखाली बसून मी कारण नसताना रडले. दुसऱ्या दिवशीही.

असं झालं तर घाबरू नका, ते जवळजवळ सगळ्यांना होतं, फक्त परत आल्यावर कुणी सांगत नाही. रडू आवरू नका. त्या दिवशी अंतर निम्मं करा. पोटभर खा; महिनोन्महिने चालणाऱ्या शरीराला रोजचं जेवण पुरत नाही, आणि पोटातली भूक बरेचदा उदासी बनून डोक्यात येते. गूळ, शेंगदाणे, केळी, दूध मिळेल तिथे घ्या. आणि परतायचा विचार आला तर आमचा नियम वापरा: परतीचा निर्णय उपाशीपोटी, ओल्या कपड्यांत किंवा दिवेलागणीनंतर घ्यायचा नाही. दोन रात्री एका ठिकाणी झोप, दोन वेळचं गरम जेवण, कपडे धुऊन वाळलेले, एवढं झाल्यावर सकाळच्या उजेडात ठरवायचं. तेव्हाही परतावंसं वाटलं तर खुशाल परता. ती हार नसते. सोडली त्या जागेवरून पुन्हा सुरू करणारे कितीतरी लोक वाटेत भेटतात.

झोप सलग दोन आठवडे येत नसेल, जगणंच नको वाटत असेल, किंवा अन्नावरची वासनाच गेली असेल, तर मात्र हे वाटेवरचं उदासपण नव्हे. थांबा, घरी कळवा आणि डॉक्टरांकडे जा.

मंडल्यात वहिनींच्या भावाचा फोन आला. आईंना दवाखान्यात ठेवलं होतं. "ये" म्हणाले नाहीत. वहिनी घाटाच्या पायरीवर दोन तास बसल्या, मी दहा पायऱ्या वर. समजूत घालायला गेले नाही, कारण त्यांचं काय ते त्याच ठरवणार होत्या. मग उठून म्हणाल्या, "तीन दिवस इथेच थांबू. उतार पडला नाही तर मी जाते, तू चालत राहा." तिसऱ्या संध्याकाळी आई स्वतः फोनवर बोलल्या, आवाज खोल गेलेला, पण विचारलं काय, तर "जेवतेस ना नीट?"

आजारपण

जुलाब लागले तर एक दिवस पूर्ण थांबा, ओआरएस घ्या. हातपंपाचं, नदीचं पाणी क्लोरीनच्या गोळ्या टाकूनच प्या. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर दवाखान्यात जा. वाहनात बसलं तर परिक्रमा मोडते का, यावर वाटेत वाद घालणारे खूप भेटतील. मला विचाराल तर जीव आधी. त्याच काठावरच्या दवाखान्यात जा, बरे व्हा, जिथून उचललं तिथेच परत उतरून चालायला लागा. एका ठिकाणी वहिनींना ताप असताना "मैय्या बघेल" म्हणून दोन दिवस थांबवून ठेवण्यात आलं, आणि तिसऱ्या दिवशी मलेरिया निघाला. ते ऐकून घेतल्याचं मला अजून वाईट वाटतं. मैय्या बघतेच, पण रक्त तपासायला आपल्यालाच जावं लागतं.

अमरकंटकनंतर

उगमाजवळच्या माई की बगियाला वळसा घालून दक्षिणतटावर आलं की मनात आपोआप सुरू होतं: आता फक्त परतायचं. हा सगळ्यात फसवा टप्पा. समुद्र झाला, उगम झाला, आता घराकडे, असं वाटून चाल वाढते. उरलेलं अंतर मात्र एक तृतीयांशाच्या आसपास असतं. आमचा आकड्यांचा नियम इथेच मोडला. मी तीन दिवस रोज ३२-३३ किलोमीटर चालले आणि चौथ्या दिवशी नडगी इतकी ठणकू लागली की सहा दिवस एका जागी पडून राहावं लागलं. मनातला हिशेब पायावर निघाला.

शिवाय ऊन. चैत्रात नरसिंहपूर, नर्मदापुरमच्या बाजूला दहानंतर चालणं धोक्याचं आहे. पहाटे पाचला निघा, दहाला थांबा, संध्याकाळी जमलं तर दोन तास. डोक्याला ओला पंचा, पाण्यात मीठ-साखर. घाम यायचा थांबला, डोकं गरगरलं, तर सावलीत आडवे व्हा आणि अंगावर पाणी घ्या. हांडियाच्या पुढे एका दुपारी पिंपळाखाली पडले असताना मला रावेरखेडीची समाधी आठवली. एप्रिलचाच महिना होता.

शेवटच्या आठवड्यात बऱ्याच जणांची चाल मंदावते. संपूच नये असं वाटतं. हे येऊ द्या. दिवसाला दहा किलोमीटर चाला, काठावर बसा.

परतल्यावर

याबद्दल कुणी सांगत नाही, आणि मला वाटतं तयारी याचीही हवी. परतल्यावर स्टेशनवरच लोक हार घेऊन उभे असतात, वडीलधारी माणसं पाया पडतात. मला ते सहन झालं नाही, मी मागे सरले. आपण तीच चिडणारी, विसरणारी बाई असतो आणि घरात सगळे आपल्याकडे वेगळ्या नजरेनं बघत असतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा: पहिला आठवडा भेटायला कुणाला बोलवू नका. कन्याभोजन, उद्यापन काय करायचं ते दोन-तीन आठवड्यांनी करा.

भूक काही महिने तशीच राहते, चालणं मात्र थांबलेलं असतं. माझं नऊ किलो उतरलेलं वजन दिवाळीपर्यंत परत आलं. रोज पाच-सहा किलोमीटर चालत राहा, एकदम बसू नका. तळव्यांना आलेली बधिरता काही आठवडे टिकते. तीन महिन्यांनंतरही असेल तर दाखवा. नोकरी सोडणं, घर विकणं, सगळं त्यागून काठावर राहायला जाणं, असले निर्णय पहिले दोन-तीन महिने घेऊ नका.

उदास वाटेल. टीव्हीचा आवाज, मिक्सर, एकाच वेळी बोलणारी चार माणसं, सगळं अंगावर येईल. कपाट उघडल्यावर इतके कपडे बघून मला गुदमरल्यासारखं झालं होतं. वाटेवर भेटलेल्या एक-दोघांचे फोन नंबर जपून ठेवा आणि बोला, त्यांना समजावून सांगावं लागत नाही. बालभोगानंतरचं मौन घरीही ठेवा, नाश्त्यानंतर. आमची वही अजून चालू आहे, काल वहिनींनी लिहिलं, "रिक्षावाल्यानं पिशवी जिन्यापर्यंत आणून दिली."

आणि पलंगावर झोप लागत नसेल तर खाली चटई टाका. वहिनी चार महिने खालीच झोपल्या, खिडकीकडे डोकं करून. गोदावरी आमच्या घरापासून दूर आहे, पाण्याचा आवाज येत नाही, पण पहाटे साडेचारला त्यांना जाग यायची आणि त्या उठून आधी उशाशी दंड चाचपायच्या.